छंद आकाशाचा, काळजी शरीराची

माणसाला एखादा छंद असावा, असे आम्ही डॉक्टर मंडळी पन्नाशीला आलेल्या रुग्णांना उठसूट सांगत असतो. पण छंदच माणसाला धरून बसला तर काय करायचे, हे मात्र सहसा सांगत नाही.

माझ्या ओळखीचे एक दुकानदार आहेत. चार वर्षांपूर्वी मित्रांबरोबर कामशेतला गेले आणि पॅराग्लायडिंग शिकून आले. तेव्हापासून दिवाळी ते वैशाख, शनिवार-रविवारी हे गृहस्थ घरी सापडत नाहीत. गिऱ्हाईक समोर उभे आणि यांची नजर पलीकडच्या हॉटेलच्या धुराकडे, वारा कुठला आहे ते बघत! पंख न हलवता घार गिरक्या घेत वर चढू लागली की तिथे तापलेली हवा वर जाते आहे, हे ते माल मोजता मोजता सांगतात. नात्यातली दोन लग्ने चुकली. पत्नी मला म्हणाल्या, ‘दारू पिणाऱ्याला निदान सोड म्हणता येते, यांना काय म्हणू?’

मला विचाराल तर छंद सोडवू नये. टेकडी चढायची म्हणून त्यांनी पोट कमी केले, तंबाखू टाकली. माझ्या उपदेशाने यातले काहीच झाले नव्हते. जे.आर.डी. टाटांनी 1932 साली कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले. त्याच मार्गावर 1982 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, ते पुन्हा एकटे विमान चालवत आले. या वेडाने माणूस बिघडतोच असे नाही.

माझे भांडण आहे ते लपवाछपवीशी. शनिवार बुडेल या भीतीने ही मंडळी डॉक्टरला अर्धेच सांगतात. शुक्रवारी येऊन म्हणायचे, ‘सर्दी आहे, जरा स्ट्राँग गोळी द्या.’ उद्या उडायचे आहे, हा शब्द नाही! सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, क्लोरफेनिरामाइनने तर हमखास. अंगाचा जडपणा कधीकधी दुसऱ्या सकाळीही राहतो. शिवाय नाकातून कानाकडे जाणारी नळी सुजलेली असली तर खाली उतरताना कानाला दडे बसतात, ठणका लागतो.

मधुमेह्यांची गोष्ट याहून गंभीर. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि वारा चांगला आहे म्हणून नाश्ता टाळला, तर रक्तातली साखर घसरते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोके काम करीनासे होते. दुकानात असाल तर चमचाभर साखर तोंडात टाकता येते. आकाशात दोन्ही हात दोऱ्यांत गुंतलेले असतात.

खासगी विमान चालवणाऱ्याला ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. टेकडीच्या कड्यावर उभ्या असलेल्या माणसाने आज सकाळी कोणती गोळी घेतली, किती तास झोपला, घरी भांडून आला का, हे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक असणार? म्हणून घरच्यांनी ‘जाऊ नका’ म्हणण्याऐवजी हे प्रश्न विचारावेत. पत्नीशी भांडण तर चालणाऱ्याचेही लक्ष उडवते.

आणखी एक. या खेळात घोटा आणि कमरेचा मणका जास्त मोडतो, तोही बहुधा उतरताना. आपटल्यावर कमरेत कळ आली किंवा पायाला मुंग्या आल्या तर उठून चालून बघू नये आणि मित्राच्या मोटारसायकलवर तर मुळीच बसू नये. सोबत्यांनी त्याला हलवू-वळवू न देता रुग्णवाहिका बोलवावी आणि आधी एक्स-रे काढावा.