कॅप्टनसुद्धा पुन्हा बाकावर बसतो

आमच्या अहेरीला विमान उतरत नाही. आकाशात दिसतं ते पोलिसांचं हेलिकॉप्टर. लहानपणी त्याचा आवाज आला की आम्ही पोरं अंगणात धावायचो. तेव्हा वाटायचं, माणूस एकदा पायलट झाला की काहीही उडवू शकतो. सायकल एकदा आली की आली, तसंच!

तसं नसतं. पायलटच्या लायसन्सवर विमानाचा प्रकारही नोंदलेला असतो. बोइंग ७३७ चा कॅप्टन उद्या उठून एअरबस ए३२० उडवू शकत नाही. हजारो तास उडालेला माणूस पुन्हा वर्गात बसतो, परीक्षा देतो, सिम्युलेटरमध्ये घाम गाळतो. मग प्रवासी घेऊन उडतानाही सुरुवातीला शेजारी प्रशिक्षक कॅप्टन असतो.

कॅप्टन सौदामिनी देशमुखांचंच बघा. नोव्हेंबर १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं फोकर फ्रेंडशिप त्यांनी कोलकात्याहून सिल्चरला नेलं. को-पायलट निवेदिता भसीन, सगळा क्रू महिलांचा. पण फोकर पडलं पंख्याचं विमान. पुढे बोइंग ७३७ साठी आणि नंतर ए३२० साठी या बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. यात त्यांना कुणी 'ढ' म्हटलं का?

हा बदल किती अवघड असतो, याची किंमत देशाने मोजलेली आहे. बोइंग ७३७ मध्ये ऑटोथ्रॉटल चालू असताना थ्रस्टचे दांडे आपोआप पुढेमागे सरकतात, त्यामुळे इंजिन काय करतंय ते हाताला कळतं. ए३२० मध्ये ऑटोथ्रस्टवर दांडे जागचे हलत नाहीत, पडद्यावर वाचावं लागतं. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून बंगळुरूला आलेलं ए३२० उतरताना कोसळलं. इंजिनं आयडलवर राहिली, वेग घटत गेला आणि ते वेळेत लक्षात आलं नाही. १४६ पैकी ९२ जण गेले. फक्त दांड्यांमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण दोन्ही वैमानिक अनुभवी होते आणि या विमानावर मात्र नवे होते, हे विसरता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. माझ्या घरी तेलुगू, शाळेत मराठी. अकरावी-बारावीला पुस्तक इंग्रजी, पण सर समजवायचे मराठीतच. इथे आलो आणि सगळंच इंग्रजी! पहिल्या सेमला एम-वन आणि मेकॅनिक्स, दोन्ही बॅक. महिनाभर घरी फोनवर खोटं बोललो. बॅग भरायचीच बाकी होती. आज कळतं, मी ढ नव्हतो. माझं फक्त विमान बदललं होतं, आणि शेजारी प्रशिक्षक कॅप्टन नव्हता. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला येणाऱ्यांचंही हेच होतं.

काही जण म्हणतील, 'एवढे लाड कशाला? दम असेल तो शिकेलच.' बोइंगने ७३७ मॅक्स आणलं तेव्हा असाच हिशोब केला होता. जुन्या ७३७ च्या पायलटला टॅबलेटवरचा छोटा कोर्स पुरे, सिम्युलेटर नको. एमकॅस ही नवी यंत्रणा तर त्यांना सांगितलीच नाही. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. शिकवण्यात वाचवलेला पैसा असा वसूल होतो.

म्हणून सर-मॅडमना माझी विनंती आहे. फर्स्ट इयरचे पहिले तीन आठवडे सिलॅबस पळवू नका. विषयांतले इंग्रजी शब्द, ड्रॉइंग, लॅबची ओळख एवढंच घ्या. शंका मराठीत विचारू द्या. हे तीन आठवडे वाया जाणार नाहीत, पुढचे बॅक वाचतील.

आणि सिनियर्सना सांगणं, प्रत्येकाने एका ज्युनियरला धरून बसवा. आमच्या विंगमध्ये रात्री मेसनंतर आम्ही चौघं-पाच जण हे करतो. परवा एका पोराने विचारलं, 'टॉर्क म्हणजे नक्की काय हो दादा?' त्याला ते विचारायला दीड महिना लागला होता!

दहा हजार तास उडालेला कॅप्टन बिनधास्त म्हणतो, 'हे विमान मला नवीन आहे, शिकवा.' मग आपण का लाजायचं?

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल