जळकोटकर म्हणजे जळकोटचे मालक नव्हेत

‘आडनावाच्या शेवटी कर आहे, म्हणजे घराणे त्या गावचे मूळ वतनदार,’ असे जळकोट, उदगीर, कंधार भागात सोयरिकीच्या बैठकीत छातीठोकपणे सांगितले जाते. हे मत साफ चुकीचे आहे. जळकोटात राहणाऱ्याला जळकोटकर कोण म्हणेल? तिथे सगळेच जळकोटचे. तिथे माणूस ओळखला जातो तो पाटीलकी-कुलकर्णीपणावरून, नाहीतर धंद्यावरून. तो नांदेडला किंवा हैदराबादला जाऊन राहिला की मग गाव त्याच्या नावाला चिकटते. हे आडनाव गाव सोडल्याची खूण आहे.

‘पण निंबाळकर तर राजे होते!’ असा प्रश्न येतोच. होतेच ना, पण फलटणचे. आडनाव मात्र निंबळक या गावावरून आले. राज्य केले त्या गावाचे नाव त्यांनी लावले नाही. नरहर कुरुंदकरांचेही तेच. आडनावात कुरुंदा, जन्म नांदापूरचा, कर्मभूमी नांदेड. फ्रान्समध्ये ‘लांग्ले’ हे आडनाव आहे, अर्थ ‘इंग्रज’. इंग्लंडात कुणाला तसे नाव देण्याची फारशी गरज नव्हती.

दुसरा दावा अधिक घातक आहे: एक आडनाव, एक कूळ. जळकोटे निदान दोन आहेत. एक आपले, लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे. दुसरे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे. दोहोंत शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर. दोन्हीकडून ब्राह्मणही बाहेर पडला असेल, शिंपीही, सोनारही. या सगळ्यांना एका वंशावळीत कोंबणे म्हणजे इतिहासाशी बेइमानी.

आणि ज्यांच्या आडनावात तेलुगू वास येतो त्यांना ‘बाहेरचे’ ठरवणाऱ्यांचे काय? पत्तेवार, चिद्रावार यांतला ‘वार’ तेलुगूतल्या आदरार्थी ‘वारु’चा. मुखेडचे लेखक नागनाथ कोत्तापल्ले यांच्या आडनावाचा तेलुगू अर्थ नवे गाव. २०१३ च्या चिपळूण साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या मराठीला कोणी बाहेरची म्हणावे? १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. इथल्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकत्र नांदत होत्या. आडनावांत त्या उतरल्या नसत्या तरच नवल.

मग आडनाव निरुपयोगी का? मुळीच नाही. ते कुठून निघालो एवढे सांगते, आणि ते फार मोलाचे आहे. पुढचे कागदांनी सांगायचे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि मराठवाड्यात मोडी-उर्दू दप्तरे उघडली गेली, तेव्हा कागद किती सांगतात हे अनेक घरांना पहिल्यांदा कळले. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तर यात्रेला आलेल्या पूर्वजांची गावे आणि नातीही लिहिलेली असतात. जळकोटकरांनी आधी तिथे जावे. दोन्ही जळकोटांपैकी आपले कोणते, हे आडनाव कधीच सांगणार नाही; ती वही कदाचित सांगेल.