डावा कोपरा

परवा सकाळी कळंबा तलावावर फेरी मारून घरी येतोय तोवर भाचीचा फोन. "मामा, आता तुम्हीच समजवा याला." हा म्हणजे तिचा धाकटा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कबड्डीत डावा कोपरा खेळतो आणि आता कॉलेज सोडून पुण्याला शिबिरात राहायचं म्हणतो. घरात दोन तट पडलेत. मी बोलायला लागलो की विषय सोडून भरकटतो असं आमच्या समस्त नातेवाईकांचं मत आहे, म्हणून लिहूनच काढतो. सगळ्यांनी एकदमच वाचा.

डावा कोपरा म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. चढाईपटू येतो तेव्हा लोकांचे डोळे त्याच्यावर असतात. तीस सेकंदं त्याची. कोपरारक्षक मात्र वाकून, श्वास धरून त्याच्या पायाकडे बघत असतो. पाय एक वीत जास्त आत आला की झडप, घोट्याला विळखा, आणि मग बाकीचे अंगावर पडतात. क्षण चुकला तर गुण गेला आणि आपणही बाहेर. म्हणजे सगळा खेळ वाट बघण्याचा. शिवाय ज्याचा पाय धरला त्याचं सगळं वजन धरणाऱ्याच्या खांद्यावर आणि गुडघ्यावर येतं, ते वेगळंच.

मी शिकवायचो मराठी, पण १९८०च्या सुमारास शाळेचा कबड्डी संघ माझ्या गळ्यात पडला, कारण क्रीडाशिक्षक एकटे आणि संघ चार. त्यात एक पोरगा होता. त्याच्या हातातून घोटा सुटलेला मी पाहिला नाही. पुढं गावोगावच्या स्पर्धा खेळायला लागला. एका गावात मुरमाच्या मैदानावर पकड करताना गुडघा फिरला तो फिरलाच. उपचाराचा खर्च कोणी द्यायचा हे कुठं ठरलेलंच नव्हतं. आज तो साठीकडे आलाय, पिठाची गिरणी चालवतो, आणि पायरी चढताना दाराची चौकट धरतो. त्या सामन्यातला चढाईपटू कोण होता हे त्या गावची माणसं अजून सांगतात. पकड कोणी केली विचारलं तर "ते... कोण बरं ते?"

हे काही जुन्या काळापुरतं नाही बरं. आपल्या जिल्ह्यात सिद्धार्थ देसाई कोणाला माहीत नाही? चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा पोरगा, २०१९च्या प्रो कबड्डीत त्याला १ कोटी ४५ लाख मिळाले. अभिमानच आहे. पण तो चढाईपटू. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्रानं ११ वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, सेनादलाला ३४-२९ हरवून. कर्णधार रिशांक देवाडिगाचं नाव पटकन आठवतं. त्याच संघात डावा कोपरा सांभाळणारा गिरीश इर्नाक होता, त्याच वर्षी तो आशियाई स्पर्धेतही भारताकडून खेळला. किती जणांना आठवतोय?

आता भाचीचं पोरगं म्हणेल, आजोबा, २०१८च्या लिलावात एक कोटीला पोचलेला पहिला खेळाडू बचावपटूच होता, इराणचा फजल अत्राचली. आणि २०२३ला मोहम्मदरेझा शादलूला पुणेरी पलटणनं २ कोटी ३५ लाखांना घेतलं. खरं आहे. पण लिलाव झालेल्या हंगामापुरता असतो. गुडघा आयुष्यभराचा.

मागे लेकीकडे अमेरिकेत सहा महिने होतो. रविवारी जावई त्यांचा तो लंबुळक्या चेंडूचा फुटबॉल बघायचे. पहिल्या दिवशी मला ती दंगल वाटली. नंतर लक्षात आलं, अरे, ही तर चिलखत घातलेली कबड्डी! त्यांच्यात बचावाचे अकरा वेगळेच असतात, काम एकच, पुढं घुसणाऱ्याला धरून पाडणं. जावयांनी मला ब्रँडन चिल्लरची गोष्ट सांगितली. वडील भारतीय, आणि हा बचावाच्या दुसऱ्या फळीत खेळणारा, आपल्या मध्यरक्षकासारखा. (आपल्या भारतीय कबड्डी संघात मोहित छिल्लर होता, तोही कोपरारक्षक. आडनाव तेच, धंदाही तोच. मला मोठी गंमत वाटली.) ब्रँडन २००४ साली सेंट लुईसच्या संघात गेला, २००८ला ग्रीन बेला. २००९च्या अखेरीस त्याच्याशी काही वर्षांचा नवा करार झाला. पुढच्याच हंगामात दुखापत. फेब्रुवारी २०११मध्ये त्याच्या संघानं सुपर बोल जिंकला तेव्हा हा दुखापतग्रस्तांच्या यादीत, आणि त्याच वर्षी संघानं त्याला मोकळं केलं. करार कागदावर राहिला. सात हंगाम, वय अठ्ठावीस, खेळ संपला.

पण त्या कठोर धंद्यातही एक गोष्ट आहे. तिथं खेळाडूंची संघटना आहे, १९५६ पासूनची. तीन हंगाम पदरी पडले की खेळाडूचा निवृत्तिवेतनावर हक्क लागतो. हे मालकांनी प्रेमानं दिलेलं नाही, भांडून घेतलंय. मी स्वतः पेन्शनवर जगतो, त्यामुळे या शब्दाची किंमत मला कोणी शिकवायला नको.

आपल्याकडे पूर्वी पोलीस, रेल्वे, बँका, तेल कंपन्या यांचे संघ होते. आजही आहेत. नाव कमी, पैसा कमी, पण खेळ थांबल्यावर टेबल-खुर्ची असायची. लीगच्या झगमगाटात पोरांना ती नोकरी फिकी वाटते, हे मला पटत नाही. आणि दर हंगामाला कोट्यवधीची बोली लावणाऱ्यांनी प्रत्येक खेळाडूच्या नावे निवृत्तीचा काही भाग बाजूला टाकलाच पाहिजे, बचावपटूच्या नावे तर आधी. कबड्डीपटूंची स्वतःची भक्कम संघटना झाल्याशिवाय ते होणार नाही, हे माझं स्पष्ट मत.

तेव्हा भाचीबाई, पोराला अडवू नका. या वयात नाही तर कधी जाणार? पण पोरा, तूही ऐक. परीक्षेचा फॉर्म भर, बाहेरून दे, पण दे. शिबिरवाल्यांना विचार की गुडघ्याचं ऑपरेशन लागलं तर खर्च कोणाचा, आणि उत्तर लेखी घे. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं आत्तापासून एका फायलीत लाव. तुझ्या आईला बोली लागलेला आकडा सांगू नकोस, विमा किती ते सांग.

हे सगळं काल त्याला फोनवरही थोडक्यात सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, तुमचे ते विद्यार्थी, गिरणीवाले. त्यांनी घोटा कसा धरायचा ते दाखवतील का मला?"

सोमवारी गिरणी बंद असते. तेव्हा जायचं ठरलंय.