ऑइल कधी बदलावे? मिस्त्रीच्या सवयीने नव्हे, गाडीच्या कामाने

मालाचा टेम्पो, भाजीची पिकअप किंवा भाड्याची टॅक्सी म्हणजे आपल्यापैकी अनेकांचे चालते-फिरते दुकानच. दुकानातल्या मालाचा हिशेब आपण पै-पैने ठेवतो. इंजिन ऑइलचा मात्र ठेवत नाही. काही जण दर ३,००० किलोमीटरला डोळे मिटून ऑइल बदलतात, तर काही जण "अजून चालेल" म्हणत २०,००० पर्यंत ओढतात. दोघेही तोट्याचा व्यवहार करतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

३,००० चा आकडा कार्बोरेटरच्या इंजिनांचा आणि साध्या मिनरल ऑइलचा आहे. आज बऱ्याच पेट्रोल गाड्यांना कंपनीच १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत देते. अशी गाडी वर्षाला ३०,००० किलोमीटर चालत असेल, तर जुन्या सवयीने १० वेळा ऑइल बदलावे लागेल आणि कंपनीच्या मुदतीने ३ वेळा. सात वेळचे चांगले ऑइल आपण स्वतःच्या हाताने ओतून देतो!

"ऑइल काळे पडले, बदला" हेही पूर्ण खरे नाही. डिझेल इंजिनात काजळी होते आणि ती धरून ठेवणे हे ऑइलचेच काम आहे. म्हणून नवे ऑइलही थोड्याच दिवसांत काळे होते. रंगावरून निकाल देऊ नये.

पण यावरून मुदत वाटेल तेवढी वाढवावी, असा अर्थ कोणी काढू नये. ऑइल किलोमीटरने कमी आणि उष्णता, काजळी, धूळ, ओलावा व त्यात मिसळणाऱ्या इंधनाने जास्त खराब होते. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर एका वेगात धावणारी गाडी आणि मुंबईच्या गर्दीत दोन-दोन किलोमीटरवर माल उतरवणारी गाडी यांचा हिशेब एक नाही. दुसऱ्या गाडीचे इंजिन नीट तापत नाही, ओलावा आत राहतो आणि उभ्या गाडीत चालू असलेल्या इंजिनाचे किलोमीटर काट्यावर येत नाहीत. अशा कामाला कंपनीच्या पुस्तकातच कमी मुदत दिलेली असते. ते पान आपण वाचत नाही, एवढेच.

निवडीबाबतही तसेच आहे. २०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला जाडपणा सांगतो. "आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग पातळ ऑइल कशाला?" असे विचारले जाते. नव्या इंजिनात फटी अरुंद असतात आणि गाडी सुरू होताच ऑइल वरपर्यंत पोहोचावे लागते. अशा इंजिनात जाड ऑइल ओतणे म्हणजे झीज विकत घेणे. डब्यावरचे एपीआय अक्षरही पाहावे : एस पेट्रोलसाठी, सी डिझेलसाठी. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यांना कमी राख करणारे, पुस्तकात लिहिलेलेच ऑइल लागते. स्वस्त ऑइलने तो महागडा फिल्टर तुंबतो. अशा गाडीत डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये. त्यात डिझेल उतरत असण्याची शक्यता असते.

सिंथेटिक ऑइल उष्णता जास्त सोसते, हे खरे. पण कंपनीच्या मुदतीपुढे जायचे असेल, तर वापरलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. मोठे वाहतूकदार हेच करतात. चार-पाच टेम्पोवाल्यांनी मिळून केले तर खर्चही जड जाणार नाही. तपासणी नको असेल, तर मुदतही वाढवू नये.

शेवटी दोन शब्द गॅरेजवाल्या बांधवांना. लवकर ऑइल बदलून आज चार पैसे जास्त मिळतील. पण खरी मुदत सांगणाऱ्या मिस्त्रीकडेच गिऱ्हाईक पुन्हा येते. ऑइलबरोबर फिल्टर बदलावा, तारीख व किलोमीटर चिठ्ठीवर लिहून द्यावे. रिकामा डबा गिऱ्हाइकासमोर फोडावा, म्हणजे त्यात नकली माल भरला जाणार नाही. जुने ऑइल गटारात न ओतता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे.

मालकांनी एवढेच करावे : गाडीत एक छोटी वही ठेवावी आणि आठवड्यातून एकदा, गाडी सपाट जागी उभी असताना डिपस्टिक पाहावी. डब्याची बचत शेकड्यांत असते, इंजिन उघडण्याचा खर्च हजारांत. आणि गाडी गॅरेजात उभी असते त्या दिवसांची कमाई कोणी भरून देत नाही.