आणि मी इथं गेलो तर?

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझ्या दहा वर्षांच्या नातवाने मला सतराव्या चालीला मात दिली. हरल्याचे फारसे वाटले नाही. "आजोबा, तुम्ही जुन्या पद्धतीनं खेळता. यूट्यूबवर धडे बघा ना," हा सल्ला मात्र लागला. उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाला 'जुनी पद्धत' हे शब्द फार झोंबतात. शाखेत संगणक आला तेव्हाही कुणीतरी ते असेच ऐकवले होते. भाऊबीज उरकली आणि मी कानाला यंत्र लावून बसलो.

आधी ऋण मान्य करतो. १९८०च्या दशकात मी सांगलीला होतो. भाऊसाहेब पडसलगीकरांचे ते गाव, बुद्धिबळाची पंढरीच. तरी आमच्यासारख्या हौशी माणसाला एखादे चांगले पुस्तक आठवडाभर हवे असेल तर चौघांची मनधरणी करावी लागे. आज अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या क्लबात यासर सेरावान गोष्टी सांगत सांगत शिकवतो आणि मी सोलापुरी चादरीवर पाय पसरून ते फुकट ऐकतो. डॅनियल नारोडित्स्की तर खेळता खेळता डोक्यातला विचार मोठ्याने बोलून दाखवी. ऑक्टोबर २०२५ मध्ये अवघ्या २९व्या वर्षी तो गेला तेव्हा माझ्या घरी येणारा मास्तर गेल्यासारखे वाटले. जॉन बार्थोलोम्यूचा पहिलाच धडा आधार नसलेल्या मोहऱ्यांवर आहे. माझे आजोबा ओसरीवर नेमके हेच सांगत : "आधी जोर बघ, मग चाल कर." मिनेसोटातल्या त्या तरुणाच्या तोंडून आजोबा बोलताना ऐकून मला गंमत वाटली.

वर्षभर मी रोज तासभर पाहिले. खेळ काडीचाही सुधारला नाही.

बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात आम्ही नव्या मुलांना पंधरा दिवस व्याख्याने देत असू. मुले माना डोलवत. मग काउंटरवर पहिल्या दिवशी संध्याकाळी रोकड जुळत नसे आणि त्याच मुलांच्या चेहऱ्यावर घाम फुटे. माझे तसेच चालले होते. धडा इतका सुबक असतो की प्रत्येक वाक्य पटते, आणि पटले म्हणजे आले असे वाटते. शिकवणारे बिचारे बजावतात की व्हिडिओ इथे थांबवा, स्वतः चाल शोधा. मी एकदाही थांबवला नाही. तुम्हीही थांबवत नसाल.

शिवाय मी पाहत होतो काय, तर सुरुवातीच्या चाली. 'लंडन सिस्टिम' नावाची एक रचना आहे. काळ्या घरांवरचा उंट लवकर बाहेर काढायचा आणि बहुतेक तोच साचा मांडायचा. नोकरदार माणसाला साचा आवडतोच! पण समोरच्याने सहाव्या चालीला व्हिडिओत नसलेली चाल केली की मी उघडा. नातवाची गतही वेगळी नव्हती. त्याला सिसिलियन बचावाच्या पंधरा चाली उच्चारांसकट पाठ. एकदा त्याला म्हटले, माझा एकटा राजा, तुझा राजा आणि हत्ती, कर मात. तो पटभर फिरत राहिला. पन्नास चाली झाल्या, नियमाने बरोबरी. कापाब्लांकाने १९२१ मध्ये लिहिलेले पुस्तक अशाच साध्या मातांपासून सुरू होते, सुरुवातीच्या चालींपासून नव्हे. पण सुरुवातीला भारदस्त नाव असते, सापळ्याचे आमिष असते. राजा आणि प्यादे यांना कोण विचारतो? दोष शिकवणाऱ्यांचा कमी आहे, शेवटाचेही उत्तम धडे तिथेच पडलेले आहेत. निवड आपली, आणि पोराच्या शिकवणीची फी भरणाऱ्या पालकांची.

मला वाट सापडली ती सांगलीच्याच आमच्या हेड कॅशियरमुळे. ते माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. आता आम्ही दोघेही पुण्यात. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. त्यांच्याकडे अंध खेळाडूंचा पट आहे : प्रत्येक घराला भोक, काळी घरे किंचित उंच, मोहऱ्यांच्या बुडाला खुंटी, काळ्या मोहऱ्यांवर बोटाला लागेल अशी खूण. त्यांना व्हिडिओ दिसत नाहीत, म्हणून मी पाहून यायचे आणि त्यांना शिकवायचे असे ठरले. ते अजून मला 'साहेब' म्हणतात, त्यात आदर कमी आणि चिमटा जास्त.

पहिल्या दिवशी मी तीन मोहरी मांडली, तिन्ही एकाच उभ्या रांगेत. पांढरा राजा पाचव्या ओळीत, त्याच्या मागे लागून त्याचे प्यादे, आणि राजासमोर एक घर सोडून काळा राजा. चाल काळ्याची असेल तर काळा हरतो. पांढऱ्याची असेल तर बरोबरी.

"का?"

"याला अपोझिशन म्हणतात."

"नाव नाही विचारलं, साहेब. चाल माझी ना? आणि मी इथं गेलो तर?" त्यांनी चाचपत काळा राजा बाजूला सरकवला.

मला उत्तर येईना. मी प्यादे ढकलत सुटलो. शेवटी प्यादे सातव्या ओळीत अडकले, माझा राजा त्याच्या मागे, त्यांच्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. जिंकलेला डाव बरोबरीत. राजाने पुढे चालून वाट मोकळी करायची आणि प्याद्याने मागून यायचे, एवढी साधी गोष्ट हातात यायला आम्हाला पाच दुपारी लागल्या. ती मी व्हिडिओत तीनदा ऐकली होती.

त्यानंतर मी एक जुना डाव पुन्हा लावला. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा डाव. थेट प्रक्षेपण पाहताना ५५व्या चालीला निवेदक एकदम का उसळले, ते मला कळलेच नव्हते. डिंग लिरेनने हत्तींची अदलाबदल देऊ केली होती. त्याचा उंट अशा जागी होता की गुकेशला मग उंटही बदलून घेता आले. पटावर उरले दोन राजे आणि प्यादी, त्यात गुकेशचे एक जास्त. तीन चालींत सारे आटोपले. जगज्जेता तिथे चुकला! आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बातुमीत हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकली तेव्हा त्या आनंदातही म्हणाली की मला एंडगेम शिकायला हवेत. त्या मुलीचे मला फार कौतुक वाटले. पेढे वाटायच्या दिवशी हे कुणाला सुचते?

असो. गेल्या मे महिन्यात नातू सुट्टीला आला होता. त्याला मुद्दाम हेड कॅशियरांकडे नेले. भोके असलेला पट पाहून तो आधी बिचकला, मग बोटे फिरवून बघू लागला. मी तीच तीन मोहरी लावली.

"हे येतं मला," तो म्हणाला, "बघितलंय मी."

"वा! मग शिकव मला," हेड कॅशियर म्हणाले. त्यांनी काळ्या राजाला हात घातला. "आणि मी इथं गेलो तर, बाळा?"

नातू पटावर वाकला. त्याच्यापुढचे सरबत तसेच राहिले.