स्क्रिप्टलाही वही हवी

मे महिन्यात एटापल्लीकडच्या तेंदूपत्ता संकलन केंद्रावर संध्याकाळी चक्कर मारा. पानांचे पुडे रांगेत लागलेले असतात. एका पुड्यात ७० पानं, १००० पुड्यांची एक गोणी. मुन्शी मोजतो आणि ज्याचे पुडे, त्याच्या नावावर त्याच दिवशी लिहितो. 'लक्षात आहे, नंतर लिहू' तिथं चालत नाही. त्या आकड्यावर घराची मजुरी ठरते.

आता आपलं बघा. प्रोजेक्टसाठी पायथॉनची स्क्रिप्ट लिहिली, रात्री चालू केली आणि झोपलो. पहाटे वादळ आलं, वीज गेली, कम्प्युटर बंद. काम कुठपर्यंत झालं होतं? सगळं स्क्रीनवर होतं, स्क्रीनसोबत गेलं. करा पुन्हा पहिल्यापासून!

म्हणून माझं म्हणणं एवढंच : नोंद ठेवणं आपल्या आठवणीवर सोडूच नका. स्क्रिप्ट सुरू झाली की तिनंच स्वतःच्या नावानं लॉग फाइल उघडावी. 'पाऊस' नावाची स्क्रिप्ट चालवली की 'पाऊस' आणि पुढे तारीख-वेळ, अशी फाइल तयार. 'नवा लॉग', 'फायनल लॉग २' असली नावं महिन्याभरानं आपल्यालाच कळत नाहीत.

हे अवघडही नाही. 'लॉगिंग' हे मॉड्यूल २००३ पासून पायथॉनसोबतच येतं, वेगळं डाउनलोड करायला नेट लागत नाही. चालवलेल्या स्क्रिप्टचं नाव 'सिस' मॉड्यूलमधल्या 'आर्गव्ही' यादीत सगळ्यात आधी असतं, ते घ्या. लॉगिंग प्रत्येक नोंद लगेच फाइलकडे पाठवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी बहुतेक नोंदी हाती राहतात. फक्त साधं 'प्रिंट' लॉगमध्ये जात नाही, हे विसरू नका.

"एवढ्याशा प्रोजेक्टला कशाला?" असं तुम्ही म्हणाल. समजा, तुम्ही तालुक्यातल्या गावांच्या दोन याद्या जोडताय. एका गावाचं नाव दोन्हीकडे वेगळं लिहिलंय. स्क्रिप्ट ते गाव गुपचूप वगळते आणि पुढे जाते. तुमच्या तक्त्यात ते गाव नाही, आणि नाही हे कुणाला कळतही नाही. आधीच जिथली माणसं मोजणीत मागे पडतात, तिथलं एक गाव आपल्या आळसामुळे गळावं? 'अमुक ओळ जुळली नाही, वगळली' एवढी एक नोंद स्क्रिप्टकडून लिहून घेतली असती, तर चूक तिथंच सापडली असती.

एक पथ्य मात्र पाळा. लॉगमध्ये लोकांचे फोन नंबर, आधार क्रमांक किंवा पासवर्ड जाऊ देऊ नका.

उद्या गाइडनं विचारलं, "हा आकडा आला कुठून?" तर "सर, स्क्रिप्टनं काढला" हे उत्तर नाही. स्क्रिप्टची वही उघडून दाखवता आली पाहिजे.