विश्लेषण : जुने ग्राफिक्स कार्ड स्वस्त, पण पॉवर सप्लायचे काय?

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे ‘मायनिंग’ थांबले आणि त्यासाठी राबलेली ग्राफिक्स कार्डे जुन्या बाजारात आली. कार्ड स्वस्त मिळाले, तरी ते पेलणारा पॉवर सप्लाय हवा. आरटीएक्स ३०६० सुमारे १७० वॅट घेते. एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॅटचा सप्लाय सुचवते. आरटीएक्स ३०८० साठी हेच आकडे ३२० आणि ७५० आहेत. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. लेबलवर १२ व्होल्टला किती वॅट मिळतात ते पाहा.

आंबेगावच्या घाटमाथ्यावरील आहुपेहून पुणे शंभर किलोमीटरहून दूर. बिघडलेले कार्ड बदलायला पुन्हा तेवढाच प्रवास. म्हणून विक्रेत्यासमोरच अर्धा तास गेम चालवा, तापमान व पंखे तपासा, वॉरंटी शिल्लक असल्यास मूळ बिल घ्या.